जिना उतरताना

सांगली, रविवार

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून हसशील. फोन असताना बाबांना कागद कुठून सुचला म्हणून. अरे, फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, आणि शेवटी आई माझ्या हातातून फोन काढून घेते. गुरुवारी तेच झालं. कागदावर निदान मधे कुणी बोलत नाही.

आधीच सांगून ठेवतो, गुडघ्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. आईला तसा शब्द दिलाय.

गुरुवारी मी बोललो ते चुकलं. "ज्या उडीपायी पाय मोडून घेतलास ती उडी तर दाखवलीच नाही," हे बापाने म्हणायचं नसतं. मालिका त्यांची, कात्री त्यांची, त्यात तुझा काय दोष. तू फोन आपटलास ते मला लागलं नाही. त्याआधी तू म्हणालास ना, "आता परत तुमचा तो म्हातारा इंग्रज काढू नका," ते मात्र लागलं. कारण मी खरंच तो काढणार होतो. शब्द जिभेवर आला होता.

तर आता काढतोच. शेवटचं म्हण हवं तर.

'अ पॅसेज टू इंडिया' तुला अर्धवट आठवत असेल, तू मधेच झोपला होतास. १९८४ चा. माझा तो म्हातारा इंग्रज, नट अ‍ॅलेक गिनेस, त्यात प्राध्यापक गोडबोले झालाय. तोंडाला रंग फासून. आजी तेव्हा होती; माहेरची गोडबोले, त्यामुळे हौसेने खुर्ची ओढून बसली. दहा मिनिटांत म्हणाली, "हा कुठला रे गोडबोले, ह्याला भूक लागलेली दिसत नाही." मलाही ते काम रुचलं नाही कधी. त्याचं सगळं डोक्यावर घेतो असं तू म्हणतोस, तसं नाही. कादंबरीत तो गोडबोले दख्खनी ब्राह्मण आहे, जन्माष्टमीच्या भजनात तुकारामाचं नाव येतं. लेखक फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासला पवारांच्या दरबारात महाराजांचा खाजगी सचिव होता, त्याने मराठी माणूस जवळून पाहिला होता. सिनेमातला गोडबोले मात्र नुसताच गूढ. पण मला सांगायचंय ते वेगळंच. गिनेस त्या सिनेमासाठी नाच शिकला होता. सत्तरीला टेकलेला माणूस, ऑस्कर घरात, सर ही पदवी नावापुढे, आणि नाच शिकतोय. दिग्दर्शक डेव्हिड लीनने तो नाच कापला. इतरही बरंच कापलं. चाळीस वर्षांची ओळख होती दोघांची, तरी बिनसलं. गिनेस चिडला होता रे. एवढ्या वयात, एवढं सगळं मिळवून, कापलेल्या कामासाठी चिडला. तू एकतिसाव्या वर्षी चिडलास तर मी कोण तुला शहाणपण शिकवणारा.

एकतिसाव्या वर्षी. मी कॅशिअर माणूस, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. गिनेसचा जन्म १९१४ चा. १९३४ साली एका सिनेमात गर्दीत उभा राहिला, नाव नाही, काही नाही. त्याआधी जाहिरातीच्या कंपनीत मजकूर लिहायचा. मग नाटकं, मग युद्ध, नौदलात एक बोट त्याच्या ताब्यात होती. पडद्यावरचं पहिलं धड काम १९४६ चं, 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधलं. म्हणजे तुझ्या वयाला त्याच्या नावावर एकही सिनेमा नव्हता. तू गेल्या महिन्यात मोजून दाखवलंस ना, सात वर्षांत काय काय केलं ते? त्यात पुढे काय काय घडू शकतं ते तू मोजलंच नाहीस. १९४८ मध्ये तो 'ऑलिव्हर ट्विस्ट'चा फेगिन झाला. लीन नको म्हणत होता, हा रंगभूषा करून चाचणीलाच उभा राहिला तेव्हा त्याला पटलं. १९४९ मध्ये एकाच सिनेमात एकाच घराण्यातली आठ माणसं, त्यात एक बाईसुद्धा. आधी चार भूमिका त्याच्याकडे आल्या होत्या, आठ का नाहीत असं यानेच विचारलं. असं तोंड उघडून विचारायला हवं. तू भिडस्त. आईवर गेलायस.

त्या बाईचा मृत्यू आठवतोय? बलूनमधून जाते आणि खालून बाण मारून पाडतात. गिनेसला त्या बलूनमधून उंच जावं लागणार होतं. त्याने विमा वाढवून मागितला. कंपनी नाही म्हणाली, तर हाही वर गेला नाही. मग एका बलूनवाल्याला झगा घालून चढवलं, आणि वारा त्याला घेऊन भलतीकडेच गेला. मी हे हसू यावं म्हणून सांगत नाही. तुला उडी मारायला सांगितली त्या दिवशी खाली गादी होती का? विमा होता का? कागदावर काही सही आहे का कुणाची? अडीच हजार रुपये रोजावर भिंतीवरून उड्या मारून घेतात आणि संध्याकाळी बर्फाची पिशवी देऊन रिक्षात बसवतात, आणि आम्हाला हे कळतं तीन आठवड्यांनी, तेही प्राजक्ताच्या तोंडून. तुझी आई त्या दिवशी कणीक मळता मळता थांबली ती तशीच उभी. हात पिठाचे.

बघ, आलंच. माफ कर. खोडलं असतं, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील.

बँकेतली गोष्ट सांगतो, तुला ठाऊक नाही. 'द लॅव्हेंडर हिल मॉब' मी पहिल्यांदा पाहिला पुण्यात, फिल्म अर्काइव्हमध्ये, बँकेच्या ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा. १९५१ चा. गिनेस त्यात बँकेतला कारकून आहे. वर्षानुवर्षं सोन्याच्या विटा गाडीतून पोचवतो, एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. वरचे साहेब त्याला प्रामाणिक म्हणतात, म्हणजे बिनडोक समजतात. आणि एक दिवस तो सगळं सोनं पळवायचा बेत करतो, आयफेल टॉवरच्या छोट्या छोट्या प्रतिकृती ओतून फ्रान्सला पाठवायच्या. मी खुर्चीत असा काही बसलो होतो की शेजारच्या पाटणकरने विचारलं, बरं वाटत नाही का. अरे, तो मी होतो. ती टोपी, ती खाली घातलेली मान, चावीच्या जुडग्यावर ठेवलेला हात. परत आल्यावर आठवडाभर मी कॅशच्या पेटीकडे बघून एकटाच हसत होतो. छत्तीस वर्षं नोकरी केली, हिशोबात एक रुपया कधी कमी आला नाही, पण तो सिनेमा पाहिल्यावर मला कळलं की माझ्या आतही कुणीतरी बसलंय. तू नोकरी सोडून मुंबईला गेलास तेव्हा आईला वाटलं मी आतून चिडलोय. मी चिडलो नव्हतो. मला तो आयफेल टॉवर आठवत होता. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

आता खरं सांगतो, पत्र का लिहायला घेतलं.

बुधवारचा भाग पाहिला. वाड्याचा जिना, तू निरोप घेऊन खाली येतोस. पाच पायऱ्या. आई म्हणाली, किती छान दिसतोय. काकू म्हणाली, अंगरखा शोभतो. मी पाय बघत होतो. तू प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी टाकलास आणि उजवा त्याच्याशेजारी आणून ठेवलास. मग पुन्हा डावा. फोनवर म्हणालास की जखमी मावळा आहे, दिग्दर्शकाने सांगितलं होतं तसं चालायला. निखिल, दिग्दर्शकाने सांगितलेलं लंगडणं मी ओळखतो आणि तुझं लंगडणंही ओळखतो.

दुसरीत होतास. शेजारच्यांच्या जांभळावरून पडलास. प्लास्टर काढल्यावर पडवीपासून मोरीपर्यंत भिंत धरून जायचास. उजवी चप्पल पट्कन वाजायची आणि डावी घासत यायची, सर्रर्र. त्याच सुट्टीत मी 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ची सीडी भाड्याने आणली होती. गिनेस त्या पत्र्याच्या तापलेल्या कोठडीतून बाहेर येतो, आणि छाती पुढे काढून चालायचा प्रयत्न करतो, पण पाय त्याचं ऐकत नाहीत. तू ओरडलास, "बाबा, हा माझ्यासारखा चालतोय!" आणि मी म्हणालो, गप्प बस, सिनेमा बघ.

पुढे किती वर्षांनी वाचलं की ती चाल त्याने आपल्या मुलाची उचलली होती. मॅथ्यू, एकुलता एक. अकरा वर्षांचा असताना पोलिओ झाला, त्यातून उठताना जसा चालायचा, तशी. १९५७ चा तो सिनेमा, ऑस्कर मिळालं, आणि तेवढ्या चालण्याला तो स्वतःचं सगळ्यात चांगलं काम मानायचा. मुलगा आजारी असताना वाटेतल्या एका चर्चमध्ये जाऊन बसायचा. मनात बोलला होता की पोरगा बरा झाला आणि त्याला कॅथलिक व्हावंसं वाटलं तर मी आडवा येणार नाही. नवसच तो. आईने तुझ्यासाठी गणपतीला बोलला होता तसाच, फक्त आपल्याकडे मोदक लागले.

या माणसाच्या जन्मदाखल्यावर बापाच्या नावाची जागा कोरी होती. आपला बाप कोण, हे त्याला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. मी हे वाक्य लिहून बराच वेळ थांबलो, पुढे काय लिहायचं होतं ते विसरलो.

असो. बुलेट विकून टाक. गिअर डाव्या पायाने टाकावा लागतो. सप्टेंबर १९५५ मध्ये गिनेसला लॉस एंजेलिसला जेम्स डीन हा तरुण नट भेटला, नवी कोरी पोर्श दाखवली. हा म्हणाला, या गाडीत बसू नकोस, बसलास तर पुढच्या आठवड्यात या वेळेला जिवंत नसशील. बरोबर सातव्या दिवशी पोरगा गेला. मी काही भविष्य सांगत नाही. सांगत नाही, पण विक.

खूप झालं उपदेशाचं. तू म्हणशील, दहा वाक्यं चांगली बोलायची आणि अकरावं पायावर आणायचं. काय करू. त्याचा तो गुप्तहेर स्मायली आठव, १९७९ मधला, टीव्हीवरचा. पासष्टीचा गिनेस, नुसता चष्मा पुसतो आणि ऐकतो, तरी नजर हलत नाही त्याच्यावरून. त्या कामासाठी तो गुप्तहेर खात्याच्या निवृत्त प्रमुखाबरोबर जेवायला गेला होता, म्हणजे खरं तर त्याला न्याहाळायला. १९९६ पर्यंत काम करत होता. बासष्ट वर्षं. तुला बासष्ट वर्षं काम करायचंय आणि तुझी सात झालीत. एक एमआरआय काढायला त्यातले दोन तास जातील.

पैशांचं म्हणशील तर तुझ्या खात्यात आठ हजार टाकलेत. परत पाठवू नकोस, मागच्या वेळी पाठवलेस तेव्हा आई दिवसभर बोलली नाही.

बुधवारच्या भागात तू चांगलं काम केलंस. निरोप सांगून झाल्यावर क्षणभर जमिनीकडे बघितलंस, ते लेखकाने लिहिलेलं नसणार. ते तुझं होतं. वाचनालयात चौघांना सांगितलं मी. कुलकर्णी म्हणाले, पाय का ओढतो, म्हटलं, भूमिका आहे.

आजच्या रात्रीच्या गाडीने भडंग, आईचं लोणचं आणि नीकॅप पाठवतोय. नीकॅप मोठ्या मापाचा आहे, अंगरख्याखाली दिसत नाही, मी घालून बघितला. पार्सल सकाळी सहाला सायनला उतरेल. तू आणायला जाऊ नकोस, तिथे पुलाचा जिना आहे. रूमवरच्या त्या लातूरच्या मुलाला पाठव.

तुझा
बाबा