ग्योझा बिघडतो तो पाण्याच्या हिशोबात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘जपानी मोमो’ या नावाने ग्योझाची कृती आली आहे. नावावरून वाद घालत नाही. पारीत सारण भरून वाफवलेला कुठलाही पदार्थ हल्ली आपल्याकडे मोमोच होतो. पण ‘मोदकपात्रात 2 मिनिटे वाफवून घ्या, मग कढईत सोनेरी तळा’ ही सूचना मात्र सोडून देण्यासारखी नाही. ग्योझा कढईत पडत नाही आणि मोदकपात्रातही जात नाही. एकाच तव्यात तो आधी खालून भाजला जातो, मग त्याच तव्यात पाणी ओतून झाकणाखाली वाफवला जातो, आणि पाणी आटल्यावर पुन्हा खालून कुरकुरीत होतो. तळ बिस्किटासारखा, वरची पारी मात्र उकडीच्या मोदकासारखी मऊ आणि किंचित पारदर्शक. दोन्ही एकाच घासात मिळाले नाहीत तर एवढा खटाटोप कशाला?

या पदार्थाचे मूळ चिनी ज्याओझीत आहे. उत्तर चीनमध्ये ज्याओझी मुख्यतः पाण्यात उकडून खातात, ते तिथे पोटभरीचे जेवण असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ईशान्य चीनमधल्या मांचुरियातून परतलेल्या जपानी लोकांनी तो घरी नेला आणि तिथे तव्यावरचा प्रकार रुजला. पारी पातळ झाली, सारणात लसूण आला, आणि ग्योझा भाताबरोबर किंवा बिअरबरोबर खाण्याची गोष्ट झाली. उत्सुनोमिया, हामामात्सु आणि मियाझाकी ही तीन शहरे घरटी ग्योझावर सर्वाधिक खर्च कोण करते यावरून दरवर्षी एकमेकांशी चुरस करतात. हामामात्सुत ते गोलाकार लावून भाजतात आणि मधल्या जागेत मुगाचे लांब, उकडलेले मोड ठेवतात. उत्सुनोमियाच्या स्टेशनाबाहेर तर 1994 पासून दगडात कोरलेला ग्योझाचा पुतळा आहे. 2008 साली जागा बदलताना तो पडून दुभंगला आणि जोडून पुन्हा उभा करावा लागला. तव्यावरचा ग्योझा मध्येच हलवू नये असे पुढे सांगणार आहे, तेव्हा हा पुतळा आठवावा.

आता पारी. तयार पारी जपानी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानात गोठवलेली मिळते, पण घरी करणे अवघड नाही. 200 ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ आणि 110 मिलिलिटर उकळते पाणी. पुरवणीतल्या कृतीत गार पाणी आहे. गार पाण्याची कणीक चिवट होते आणि लाटली की मागे आखडते. पाण्यात उकडायच्या ज्याओझीला ती चालते, कारण तिथे पारीला दाताखाली थोडा ताण हवा असतो. उकळत्या पाण्याने मैद्यातला स्टार्च लगेच फुलतो, पाणी धरून ठेवतो आणि ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाची, ओढ कमी होते. तांदळाची उकड काढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाणी एकदम न ओतता चमच्याने ढवळत घालावे, हाताला सोसेल इतके निवले की 5 मिनिटे मळावे आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवावे. या तासात कणकेचे रूप बदलते. सुरुवातीला खरबरीत असलेला गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी, हे जपानी स्वयंपाकातलेच माप आहे. मग सुपारीएवढ्या 30 गोळ्या करून प्रत्येकीची 9 सेंटिमीटरची पारी लाटावी. कडा पातळ, मध्य जरा जाड. भुरभुरवायला मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर घ्यावे. मैदा पारीत मुरतो आणि पाऱ्या एकमेकींना चिकटतात, कॉर्नफ्लोअर वरच्यावर राहते.

सारण मूळचे डुकराच्या खिम्याचे, कारण त्यातली चरबी वितळून आतला रस होतो. आपल्याकडे चिकन घ्यायचे तर मांडीचा खिमा घ्यावा, छातीचा कोरडा पडतो. 30 नगांना 250 ग्रॅम खिमा, 200 ग्रॅम कोबी, 40 ग्रॅम पात, 1 चमचा किसलेले आले, 2 पाकळ्या लसूण, 1 मोठा चमचा सोया सॉस, 1 मोठा चमचा तिळाचे तेल, मीठ आणि मिरपूड. जपानमध्ये पातीच्या जागी ‘निरा’ नावाची लसणाच्या वासाची चपटी पात असते. थंडीत आपल्याकडे पातीचा लसूण येतो तेव्हा तो वापरावा, एरवी कांद्याची पात घेऊन लसूण एक पाकळी वाढवावा.

सगळ्यात जास्त ग्योझे बिघडतात ते कोबीमुळे. कच्चा कोबी तसाच मिसळला की मिठामुळे त्याला पाणी सुटते, पारी खालून ओली होते आणि तव्याला चिकटून फाटते. म्हणून कोबी सुरीने बारीक चिरावा (किसू नये, किसला की लगदा होतो), त्याला अर्धा चमचा मीठ चोळून 15 मिनिटे ठेवावे आणि मुठीत घट्ट पिळावे. तीन-चार चमचे पाणी सहज निघते. मात्र खिम्यात उलट चालावे: तिथे पाणी काढायचे नाही, घालायचे. खिम्यात आधी फक्त मीठ (चिमूट-दोन चिमूट, कारण कोबीत आणि सोया सॉसमध्येही मीठ आहे), सोया सॉस, आले, लसूण आणि मिरपूड घालून एकाच दिशेने तीन-चार मिनिटे मळावे. मिठाने मांसातली प्रथिने सुटतात, खिमा चिकट होतो आणि भांड्याच्या कडेला तार धरतो. ही तार दिसल्यावर 3 मोठे चमचे गार पाणी थोडे थोडे करून जिरवावे. तार न येता पाणी घातले तर ते धरले जात नाही, शिजताना बाहेर पडते आणि आत खडबडीत गोळा उरतो. तेल, कोबी आणि पात शेवटी घालून हलकेच कालवावे. सारण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले की भरायला सोपे जाते.

शाकाहारी सारणाला पनीर सुचवले आहे, ते टाळावे. पनीर मिळून येत नाही, भुगा होतो. 200 ग्रॅम घट्ट टोफू फडक्यात बांधून वजनाखाली अर्धा तास ठेवून कुस्करावा. 150 ग्रॅम मशरूम बारीक चिरून कोरडे होईपर्यंत परतावे. पिळलेला कोबी, आले, लसूण, पात आणि सोया सॉस वरच्याच मापाने घ्यावे आणि 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून सगळे बांधून घ्यावे.

तिळाच्या तेलाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवे. जपानी किंवा चिनी स्वयंपाकातले तिळाचे तेल भाजलेल्या तिळाचे असते, रंगाने तपकिरी आणि वासाने उग्र. आपल्या वाण्याकडचे किंवा लाकडी घाण्याचे तेल कच्च्या तिळाचे, फिकट पिवळे. ते वाईट नाही, पण त्याने तो वास येत नाही, आणि भाजलेल्या तिळाचे तेल पुरवणीतल्या मापाने 4 चमचे घातले तर सारणात दुसरे काही लागतच नाही.

भरताना पारीच्या मध्यावर 15 ग्रॅम, म्हणजे लहान आवळ्याएवढे सारण ठेवावे. अर्ध्या कडेला बोटाने पाणी लावावे आणि पारी दुमडून फक्त पुढच्या बाजूने 5-6 चुण्या घालत मागच्या सपाट बाजूवर दाबत जावे. करंजीच्या मुरडीचा हात असलेल्यांना हे दोन मिनिटांत जमते. फरक इतकाच की चुण्या एकाच थराला पडतात, त्यामुळे ग्योझा आपोआप चंद्रकोरीसारखा वाकतो आणि तळाशी बसका होतो. हा बसका तळ शोभेचा नाही, तोच तव्याला टेकून भाजला जातो. बंद करताना सारणाभोवतीची हवा दाबून काढावी, नाहीतर वाफेत ती फुगते आणि शिवण उकलते.

तवा 24 सेंटिमीटरचा, नॉनस्टिक किंवा चांगला मुरलेला बिडाचा, आणि घट्ट बसणारे झाकण. काचेचे असले तर उत्तम. 1 मोठा चमचा साधे तेल मध्यम आचेवर तापवावे आणि 12 ते 14 ग्योझे तळ खाली करून लावावेत. दोन मिनिटांत तळ फिकट बदामी होतो. आता 100 मिलिलिटर गरम पाणी कडेने ओतावे. पाणी ग्योझाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आले पाहिजे. गार पाणी ओतले की तव्याची आच पडते, पाणी उकळायला वेळ घेते आणि तेवढ्यात पारीचा तळ पिठूळ होऊन चिकटतो. लगेच झाकण ठेवून आच थोडी वाढवावी आणि 5 मिनिटे उघडू नये. झाकणातून वाफ निसटत राहिली तर वरच्या चुण्या कोरड्या आणि पांढऱ्या राहतात, दाताला कच्च्या लागतात.

यापुढचे काम कानाने करायचे. झाकण काढल्यावर आधी पाण्याची रटरट ऐकू येते. पाणी आटत येते तशी ती विरळ होते, बुडबुडे मोठे आणि चिकट दिसू लागतात आणि मग आवाज बदलून तेलाची बारीक चरचर सुरू होते. तिथे भाजलेल्या तिळाचे 1 चहाचा चमचा तेल कडेने सोडावे आणि मिनिट-दीड मिनिट थांबावे. घाई इथेच होते. पाणी थोडे शिल्लक असताना कालथा घातला तर पारी तव्यावर आणि सारण कालथ्यावर येते. तळ कोरडा आणि कडक झाला की ग्योझा स्वतःच सुटतो. तवा हलवल्यावर सगळे एकत्र सरकले की झाले. ताटली उपडी ठेवून तवा एकदम उलटावा म्हणजे भाजकी बाजू वर येते. जपानमध्ये वाढतातही तसेच, आणि त्याचा उपयोग आहे: तळ खाली ठेवला तर स्वतःच्याच वाफेने मिनिटाभरात लिबलिबीत होतो.

तोक्योच्या कामाता भागात प्रसिद्ध झालेला जाळीदार ‘पंखांचा’ ग्योझाही घरी होतो. साध्या पाण्याऐवजी 100 मिलिलिटर पाण्यात 2 चहाचे चमचे मैदा फेटून ओतावा. मैदा तळाशी बसतो, म्हणून ओततानाही ढवळावे. पाणी आटल्यावर मैद्याची पातळ जाळी उरते. घावनाची जाळी ज्याला जमते त्याला ही जमेल, फक्त आच मंद ठेवावी.

सॉस म्हणून शेजवान चटणी सुचवली आहे. आवडत असेल तर जरूर खावी, पण आले, लसूण आणि तीळ तिच्याखाली गाडले जातात. मूळ सॉस तीनच गोष्टींचा: सोया सॉस, तांदळाचे व्हिनेगर आणि ‘रायु’ हे मिरचीचे तेल. दोन मोठे चमचे सोया सॉसला दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि रायुचे पाच-सहा थेंब. काहीजण सोया सॉस वगळून नुसत्या व्हिनेगरमध्ये भरपूर मिरपूड घालतात. चरबीच्या सारणाला तेही छान. सोया सॉस सोयाबीन आणि गहू आंबवून केलेला घ्यावा. नूडल्ससाठी मिळणारा काळा, दाट, कॅरमेलचा रंग घातलेला सॉस इथे कडवट लागतो. पांढरे सिंथेटिक व्हिनेगरच हाताशी असेल तर दोन चमच्यांना एक चमचा पाणी आणि चिमूटभर साखर घालावी.

रायुसाठी 2 मोठे चमचे जाडसर ब्याडगी तिखट 1 चहाचा चमचा पाण्याने नुसते ओलसर करावे. कोरड्या तिखटावर तापलेले तेल पडले की ते करपते, ओले असले की आधी पाणी उडते आणि तेवढा अवधी मिळतो. 60 मिलिलिटर साध्या तेलात आल्याच्या दोन चकत्या आणि पातीचा पांढरा भाग मंद आचेवर बदामी करून काढून टाकावा. तेल मिनिटभर निवू द्यावे आणि मग तिखटावर तीन वेळा थोडे थोडे ओतावे. भांडे उंच घ्यावे, फेस वर येतो. शेवटी भाजलेल्या तिळाचे 1 मोठा चमचा तेल. दुसऱ्या दिवशी तिखटाचा रंग तेलात पूर्ण उतरतो, तेव्हा गाळून घ्यावे.

उरलेले कच्चे ग्योझे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, सारणाची ओल रात्रभरात पारीत उतरते. कॉर्नफ्लोअर भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न लागता मांडून फ्रीजरमध्ये कडक करावेत आणि मग पिशवीत भरावेत. करताना वितळवायचे नाहीत, तसेच तव्यात लावून पाणी 120 मिलिलिटर आणि झाकणाखालचा वेळ 2 मिनिटे जास्त धरावा.

बाकीच्या दुरुस्त्या छापायला जागा नसेल तर राहू द्याव्यात. ‘2 मिनिटे वाफवा’ ही ओळ मात्र पुढच्या रविवारी बदलावी. त्यानंतरच्या तळणीत पारी झटकन रंग धरते आणि आत सगळे शिजले असे वाटते, पण चिकनचा खिमा मध्यभागी 74 अंश सेल्सियसला पोहोचायला हवा, आणि थंडगार सारण 2 मिनिटांच्या वाफेत तिथवर जात नाही. झाकणाखाली 5 मिनिटे, आणि पहिल्या खेपेतला एक ग्योझा मोडून पाहावा. आतला रस स्वच्छ असला पाहिजे, गुलाबी नाही.

आपली,
एक वाचक, पुणे