पाटी लावून उतार सपाट होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पुण्यात महामार्गाच्या उतारावर, नवले पुलापाशी होणाऱ्या अपघातांची बातमी वाचली आणि तिच्याखालची अधिकाऱ्यांची प्रतिक्रियाही. त्यांच्या मते अपघातांचं मूळ चालकांच्या बेशिस्तीत आहे, सबब आणखी कॅमेरे, आणखी रंबलर (रस्त्यावरचे आडवे खडबडीत पट्टे) आणि वेगमर्यादेची आणखी ठळक पाटी. सोबतच्या फोटोत साहेब उताराकडे बोट दाखवताहेत. बोट अगदी बरोबर जागी आहे. बोलताना मात्र ते ड्रायव्हरवर घसरलेत.

मी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. स्वारगेट-महाबळेश्वर चालवली, स्वारगेट-चिपळूण चालवली. पसरणी आणि कुंभार्ली हे दोन घाट दिवसा, रात्री, धुक्यात आणि धो धो पावसात उतरलो आहे. आता धायरीत राहतो, म्हणजे हा उतार रोजचाच. बेशिस्त ड्रायव्हर नसतात असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासोबत नोकरी केली आहे. पण ड्रायव्हर बदलतात, गाड्या बदलतात, मालक बदलतात आणि अपघात मात्र त्याच पट्ट्यात होतात, याचा अर्थ काय लावायचा ते साहेबांनी एकदा सांगावं.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून येत होतो. गाडी मुलाची, चालवत मी, शेजारी आमची मंडळी, मागे नात झोपलेली. नवा कात्रज बोगदा संपला, पाट्या सुरू झाल्या. पाटीवर चाळीस, म्हणून मी चाळीस धरला. डावी लेन, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. दरी पूल ओलांडेपर्यंत माझ्या मागे एक भरलेला कंटेनर आला. आधी डिपर, म्हणजे हेडलाइटची उघडझाप, मग हॉर्न, मग नुसताच हॉर्न. आरशात त्याची जाळी एवढी जवळ की नंबरप्लेट दिसेना. उजवीकडून गाड्यांची रांग सत्तरने, ऐंशीने. त्यांच्यात घुसायला चाळीसच्या गाडीला जागा कोण देतो? डावीकडे कठडा. त्याने ब्रेकवरचा पाय काढला की एअर सुटल्याचा फुस्स आवाज येई, तो मी मोजायला लागलो, कारण अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि आवाज येतोय तोवर टाकीत हवा आहे. काच खाली केली तर ब्रेक लायनरचा जळका वास. शेवटी पाटी गुंडाळून ठेवली, पासष्टला गेलो, फट मिळताच उजवीकडे सरकलो आणि तो कंटेनर बाजूने खाली गेला. घरी पोचायच्या आत मुलाच्या मोबाइलवर ई-चलान हजर! जीव वाचवण्याची फी म्हणून मी ते भरलं. मुलाने तक्रार नोंदवली, तर उत्तर आलं की कॅमेऱ्याच्या नोंदीत चूक आढळत नाही. नोंदीत चूक नव्हतीच हो. मी पासष्टनेच होतो.

तर प्रश्न असा की त्या दिवशी बेशिस्त कोण? मी, की तो, की ज्याने त्या जागी चाळीसची पाटी ठोकली तो?

माझा पुतण्या सिव्हिल इंजिनिअर आहे, रस्त्यांच्याच कामात. त्याला हा किस्सा सांगितला तर तो हसला. म्हणाला, काका, हे सगळं आमच्या पुस्तकात आहे. माणूस पाटी बघून वेग धरत नाही, रस्त्याची रुंदी आणि समोर किती लांबवर दिसतं ते बघून धरतो. म्हणून वेगमर्यादा ठरवताना आधी मोकळ्या रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजतात. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात, तो आकडा पायाशी धरतात. मर्यादा त्याच्या फार खाली आणायची असेल तर आधी रस्ता बदला, मग पाटी लावा. नुसती पाटी बदलली की चार सरळमार्गी माणसं हळू होतात, बाकीचे तसेच जातात आणि दोघांच्या वेगातला फरक वाढतो. मला त्या फरकानेच गाठलं होतं.

आणि हो, पुस्तकात चालकाला अडीच सेकंद दिलेले असतात. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडून गाडीला कळेपर्यंत अडीच सेकंद. साठच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी बेचाळीस मीटर जाते, मग ब्रेक लागायला सुरुवात होते आणि थांबेपर्यंत एकूण ऐंशी मीटर. हे सपाट रस्त्यावर, चांगल्या ब्रेकवर. म्हणजे कागदावर ड्रायव्हर हा माणूस असतो. दचकतो, उशिरा बघतो, थकतो. रस्त्यावर अपघात झाला की तोच बेशिस्त होतो.

आता न्यूट्रलचं, म्हणजे उतारावर गिअर काढून गाडी नुसती सोडून देण्याचं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एकाच गाडीने कितीतरी वाहनांना उडवलं, तेव्हाही हेच छापून आलं होतं की चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं. असेलही. पण हे तो का करतो, हे कुणी लिहिलं? बऱ्याच ठिकाणी मालक फेरीमागे ठरावीक डिझेल देतो. वाचलं तर ड्रायव्हरचं, संपलं तर त्याच्या खिशातून. त्यात एवढा लांब, एवढा सरळ उतार पुढ्यात आला की गाडी आपोआप पळते. घाटात असं होत नाही. घाटात वळणच तुम्हाला गिअर पाडायला लावतं. पसरणीत न्यूट्रल करून दाखवा, पहिल्या हेअरपिनलाच शहाणपण येईल. इथे वळण नाही, भीती नाही, खालपर्यंत सगळं दिसतं. या उताराने ड्रायव्हरला झोपवलेलं असतं आणि तळाला आल्यावर एकदम उठवलं जातं.

गंमत म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचतही नाही. हल्लीच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनात डिझेल जाणंच थांबतं, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन जिवंत ठेवायला डिझेल लागतं. आणि इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर बंद, टाकीत आहे तेवढीच हवा, ब्रेकच्या प्रत्येक दाबाला हवेचा काटा खाली, स्टिअरिंग दगडासारखं. आम्हाला जुन्या ड्रायव्हरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. हे त्या कंटेनरवाल्याला कुणी सांगायचं? बोगद्याच्या अलीकडे अवजड गाड्यांना सक्तीने उभं करून दोन मिनिटं ब्रेक आणि हवा तपासायला लावली, दोन वाक्यं सांगितली, तर किती खर्च येईल? कॅमेऱ्यापेक्षा नक्की कमी.

पुतण्याने एक हिशेब करून दाखवला. चाळीस टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर ब्रेकच्या ड्रममध्ये साधारण लिटरभर डिझेल जाळल्याएवढी उष्णता जाते. त्या ड्रमला रंबलरने काय फरक पडणार?

रंबलरचं तर विचारूच नका. ज्याने कधी भरलेली गाडी चालवली नाही त्यालाच ते सुचू शकतं. रंबलरवरून हळू गेलं की हाडं खिळखिळी होतात, जोरात गेलं की चाक वरच्यावर निघून जातं. हे प्रत्येक ट्रकवाल्याला माहीत आहे, म्हणून तो रंबलर आला की दाबतो. कारवाला मात्र घाबरून कचकन ब्रेक मारतो. पुढे ब्रेक मारलेली कार, मागे वेग वाढवलेला ट्रक! आणि दुचाकीवाले कडेच्या वीतभर सपाट पट्टीतून काढतात, म्हणजे ट्रकच्या डाव्या चाकाशी. ज्या उपायाने तीन जण तीन वेगवेगळ्या गोष्टी करतात, त्याला आपल्याकडे 'उपाययोजना' म्हणतात.

खरा घोळ तळाला आहे. वरून मोकळा सुटलेला वेग खाली येतो आणि नऱ्ह्याची, भूमकर चौकाची, धायरी-वडगावची शहरातली वाहतूक त्याच रस्त्यावर येऊन मिळते. रांग लागलेली असते. उभ्या रांगेच्या शेपटीवर धावती गाडी. 13 नोव्हेंबर 2025 ला आठ माणसं गेली, दोन अवजड गाड्यांमध्ये कार चिरडली, पेटली. त्या कारच्या चालकाची बेशिस्त कोणती होती? स्थानिक गाड्यांना सलग सेवा रस्ता द्या, अवजड गाड्यांना उतारावर वेगळी लेन द्या, ब्रेक गेलेल्या गाडीला बाजूला खडीत शिरून रुतायला जागा ठेवा. यातलं काहीच नवीन नाही, पुतण्याच्या पुस्तकात आहे म्हणे.

खंबाटकीच्या बोगद्यापुढचं एस वळण आठवा. वर्षानुवर्षं तिथेही ड्रायव्हरच दोषी होते. मग ते वळण टाळायला नवा बोगदा कशासाठी खणला? ड्रायव्हरांना दोन पाट्या जास्त लावल्या असत्या की!

जाता जाता आणखी एक. नवले पुलाशी रोज रात्री ट्रॅव्हल्सच्या गाड्या महामार्गावरच उभ्या राहतात. बॅगा, पोरंबाळं, नारळाच्या पोत्यांसकट माणसं रस्त्याच्या कडेला, उताराच्या अगदी तोंडाशी. रिक्षा तिथेच, वडापावची गाडी तिथेच. एसटीचा ड्रायव्हर तिथे थांबला असता तर दुसऱ्या दिवशी डेपोत त्याला जाब विचारला असता. ट्रॅव्हल्सवाल्याला कुणी विचारत नाही. साहेबांचा फोटो जिथे काढलाय तिथून ही जागा दिसते. फोटो दिवसा काढल्यामुळे गर्दी आली नसावी.

साहेबांना माझी नम्र विनंती की त्यांनी एकदा भरलेल्या ट्रकच्या क्लीनर सीटवर बसून, रात्री अकरानंतर, बोगदा ते नवले पूल हा प्रवास करावा. ट्रकची सोय मी करतो. ओळखीचे मालक अजून आहेत आणि ड्रायव्हर मी गिअरमध्ये उतरवणाराच देईन, काळजी नसावी.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
धायरी, पुणे

ता. क. : मे महिन्यात पाठवलेल्या माझ्या पत्राच्या आपण चार ओळी ठेवल्या आणि त्यातही कुंभार्लीचा 'कुंभारवाडी घाट' केलात. असा घाट मी तरी उतरलेलो नाही. हे पत्र कापायचं असेल तर रंबलरचा भाग ठेवून चलानचा कापावा. मंडळींचं म्हणणं आहे की पासष्टचा आकडा छापून आणण्याची गरज नाही.