पन्हाळ्यावरून दिसेल का?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर चार ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तू इतक्या मनापासून विचारलंयस की कागद घेऊन बसलोय. पुढचं मोठं सौरवादळ आलं तर पन्हाळ्यावरून अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशातला तो रंगीत उजेड, दिसेल का? गड्या, नाही दिसणार. हे लिहिताना जिवावर येतंय. २००१ च्या नोव्हेंबरात मसाई पठारावर घोंगडी पांघरून उल्का मोजताना आपणच ठरवलं होतं ना, की आयुष्यात एकदा तो उत्तरेचा उजेड बघायचाच.

१० मे २०२४ च्या रात्री मी मुलीला घेऊन गच्चीवर होतो. वादळ येतंय अशी बातमी होती. दोन वाजेपर्यंत उत्तरेला तोंड करून बसलो. दिसला तो शिरोलीकडच्या दिव्यांचा पिवळट उजेड. पुढं कळलं की त्याच रात्री लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ लाल आकाश टिपलं. खरं सांगतो, दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. आपल्या देशातून!

पण त्यातली मेख बघ. सूर्यावरून सुटलेला कणांचा लोंढा साधारण एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी पोचतो. त्याच्यासोबतचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं, की ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ध्रुवाभोवतीचं प्रकाशाचं कडं फुगून खाली सरकतं. हिरवा रंग शंभर-दीडशे किलोमीटरवरचा, लाल मात्र दोनशेच्या वरचा, चारशेपर्यंत आणि कधी त्याहूनही उंच. पंचगंगेला पूर आला की घाटावरच्या देवळांचे नुसते कळस दिसतात ना? तसं लांबून बघणाऱ्याला हिरवं सगळं क्षितिजाआड जातं आणि लाल शेंडे तेवढे दिसतात. चारशे किलोमीटर उंचीवरचा उजेड जास्तीत जास्त बावीसशे किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसेल. आता हानलेच आपल्यापासून अठराशे किलोमीटरहून लांब, आणि तिथं दिसलेलं आकाश हानलेच्याही पुष्कळ उत्तरेचं, म्हणजे आपल्या क्षितिजाखालीच.

शिवाय एक गोष्ट आपल्या विरुद्ध आहे. अरोरा नकाशावरचे अक्षांश मोजत नाही, चुंबकीय अक्षांश मोजतो. भूचुंबकीय ध्रुव अमेरिकेच्या बाजूला कललेला, म्हणून हानले आणि टेक्सासमधलं डॅलस दोन्ही ३३ अंशांच्या आसपास असूनही टेक्सासवाल्यांचं नशीब कितीतरी बरं. कोल्हापूर नकाशावर जवळजवळ १७ अंशांवर, पण चुंबकीय हिशेबानं जेमतेम ९ वर.

तरी 'कधीच नाही' असं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण मुंबई. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईच्या आकाशात अरोरा दिसल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलंय. त्याच वादळात मुंबई-एडन तारेचं कामही विस्कळीत झालं होतं. त्याआधी १८५९ च्या सप्टेंबरातलं कॅरिंग्टन वादळ आपल्या कुलाबा वेधशाळेनं टिपलं. तिथल्या उपकरणावर चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं, आणि जगभरचे अभ्यासक आजही त्या नोंदीकडं वळतात. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम अलिबागला हलवलं. आपण अलिबागला गेलो होतो तेव्हा किल्ला बघून परत आलो, त्या वेधशाळेकडं वळलोही नाही. त्याची हळहळ मला अजून आहे.

म्हणजे १८७२ सारखं वादळ आलं, तेव्हा इथं रात्र असली, आभाळ मोकळं असलं, तर कदाचित. पण असली वादळं शतकात एखाद-दुसरी. त्या भरवशावर बसायचं आपलं वय नाही.

एक मात्र तुला सांगायचंच होतं. हानलेला दिसलेला लाल रंग ऑक्सिजनचा, ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा. हाच रंग आपल्या डोक्यावर रोज रात्री असतो! दिवसा उन्हानं वरच्या हवेत जे विद्युतभारित कण तयार होतात, ते रात्री पुन्हा जुळताना अगदी फिकट चमकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण शिवाजी विद्यापीठ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या मंडळींनी कोल्हापुरातून सगळं आकाश एकाच चौकटीत घेणाऱ्या कॅमेऱ्यानं ते टिपलंय. त्या चमकेतून काळे पट्टे पूर्वेकडं सरकताना दिसतात. हे कळल्यापासून गच्चीवर गेलो की मी वेगळ्याच नजरेनं वर बघतो.

तर माझं म्हणणं ऐक. वादळाची वाट बघायची नाही, पन्हाळ्यावर जागायचं नाही. हानलेला आकाशगंगा बघायला जाऊ, ती तिथं पोटभर दिसते. पण अरोरासाठी सरळ नॉर्वेतलं ट्रॉम्सो. ते ध्रुवाभोवतीच्या त्या प्रकाशाच्या कड्याखालीच आहे, तिथं वादळ लागत नाही, आभाळ मोकळं आणि रात्र काळी असली की पुरे. मे ते जुलै तिथं सूर्य मावळत नाही, म्हणून फेब्रुवारी धरू. सूर्यावरच्या वादळांचा भर २०२४ मध्ये येऊन गेला म्हणून घाबरू नकोस, भर ओसरतानाही मोठी वादळं येतात. २००३ च्या ऑक्टोबरातली तशीच होती. पैशाचं मी बघून ठेवलंय, दोन वर्षं भिशी लावली तर जमतंय. तू पासपोर्टचं बघ.

मुलीलाही न्यायचंय. त्या रात्री गच्चीवर तिचा डोळा लागला, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, दिसलं की उठवा."

तुझा,
बाळू