शर्यतीची सायकल टपावर नको, खोक्यातून न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की सायकल शर्यतींचे दिवस येतात. सांगली-मिरजेची मुले पुण्या-मुंबईकडे शर्यतींना निघतात, तेव्हा त्यांच्या सायकली जीपच्या टपावर एकीवर एक आडव्या टाकून सुतळीने बांधलेल्या दिसतात. पाहून जीव तुटतो.

अशा प्रवासात पहिला बळी जातो तो हँगरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर ज्यावर फ्रेमला टांगलेला असतो त्या भागाचा. हा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम नरम असतो. धक्का बसलाच तर फ्रेम वाचावी आणि तो वाकावा, म्हणून. सायकल उजव्या बाजूवर दाबली गेली की तो आत झुकतो. सपाटीला फार तर गिअर खडखडतात. पण बोरघाटासारख्या चढाला चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर घेतली, की डिरेलर थेट चाकाच्या तारांत घुसतो. डिरेलर तुटतो, तारा तुटतात, शर्यत तिथेच संपते.

हे टाळायला पाच मिनिटे लागतात. चेन सर्वांत लहान चकतीवर आणून मागचे चाक काढावे. 5 मिमीच्या ॲलन कीने डिरेलर सोडवावा आणि केबल न काढता, कापडात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांधावा. आपल्या फ्रेमचाच एक जादा हँगर सोबत हवाच. त्याचे आकार शेकडो. परगावी आयत्या वेळी नेमका तोच मिळणे कठीण.

खोक्यात भरायला दोन्ही चाके काढली की पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची टोके उघडी पडतात. बहुतेक रोड सायकलींना या दोन टोकांत 100 मिमीचे अंतर असते. मध्ये अडसर नसेल तर वरच्या वजनाने टोके आत दबतात, कार्बनचा चिमटा तडकू शकतो. मागेही तसाच अडसर द्यावा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये प्लास्टिकची चकती किंवा दुमडलेला पुठ्ठा घालावा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत बसतच नाही. चेनचे तेल वेगळ्या पिशवीत बांधावे. पॅडला तेल लागले की ब्रेकची पकड गेली.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे घाईत विसरले जाते. पाना पायडलच्या वर उभा धरून सायकलच्या मागच्या दिशेला ओढला की दोन्ही बाजूंची सुटतात. बसवताना ग्रीस लावावे, पहिले दोन-तीन वेढे हातानेच द्यावेत. सीटच्या दांडीवर चिकटपट्टीने उंचीची खूण करावी. हँडलचे चार स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. किती जोराने आवळायचे त्याचा आकडा त्यांच्याजवळ छापलेला असतो, बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास. कार्बनच्या हँडलला अंदाजाचा जोर लावू नये.

फ्रेमला एसीच्या पाइपावर घालतात ती काळी फोमची नळी चढवावी. चाकांतले क्विक रिलीज, म्हणजे चाक झटकन सोडवायच्या खटक्याच्या दांड्या, काढून ठेवावेत, नाहीतर त्यांची टोके फ्रेमला भोके पाडतात. हवा निम्मी ठेवावी, सगळी काढली तर रिमला आधार राहत नाही. रेल्वेने न्यायची तर खोक्यावर नाव आणि उतरायचे स्टेशन दोन बाजूंना लिहावे. विमानाने जाणाऱ्यांनी दिवे आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत घ्यावेत. चाकात हवा भरायच्या गॅसच्या छोट्या नळकांड्यांबद्दल विमान कंपनीला आधी विचारावे.

सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी जोडून सगळे गिअर बदलत आठ-दहा किलोमीटर चालवावी. सर्व्हिसिंग मात्र आठवडाभर आधी, कारण नव्या केबल बसायला वेळ घेतात.

आता विनंती. नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात, ती खोकी आणि त्यांतले चिमट्याचे प्लास्टिकचे अडसर बहुतेक दुकानांतून भंगारात जातात. दुकानदारांनी ते क्रीडाशिक्षकांना द्यावेत. आणि शर्यत भरवणाऱ्यांनी सुरुवातीच्या ठिकाणी हँगर सरळ करण्याचे हत्यार व ते वापरता येणारा एक मेकॅनिक आदल्या संध्याकाळपासून बसवावा.

– एक सायकल कारागीर, विश्रामबाग, सांगली