अ‍ॅनाकोंडा हा अजगर नव्हे

संपादक महोदय,

जाडजूड, ठिपकेदार, विळखा घालणारा साप दिसला की बातमीत त्याचा हमखास 'अजगर' होतो. 'बोआ अजगर', 'अ‍ॅनाकोंडा जातीचा अजगर' असे मथळे तर सर्रास असतात. अजगर म्हणजे पायथन. अ‍ॅनाकोंडा हा बोआ आहे, आणि बोआ व पायथन ही दोन वेगळी कुळे आहेत.

चूक समजण्यासारखी आहे. दोघेही भक्ष्याला विळखा घालून मारतात, दोघांच्याही डोळ्यांतली बाहुली उभी असते, आणि मागच्या पायांची उरलेली खूण म्हणून गुदद्वाराच्या दोन बाजूंना नखीसारखे काटे दोघांनाही असतात (नरात मोठे, मादीत बारीक). शास्त्रज्ञही इथे फसले होते. जाळीदार अजगराला जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्नायडरने १८०१ मध्ये 'बोआ रेटिक्युलाटा' म्हटले, तर आफ्रिकेतला बॉल पायथन १८०२ मध्ये 'बोआ रेजिया' म्हणून नोंदवला गेला. 'पायथन' ही स्वतंत्र प्रजाती आली ती १८०३ मध्ये. मथळे अजून १८०२ मध्येच आहेत.

मुख्य फरक प्रजननात आहे. अजगर अंडी घालतो, बोआ पिल्ले देतो. अजगराची अंडी चामड्यासारख्या कवचाची, एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेली असतात. मादी त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते आणि त्या काळात सहसा खात नाही. भारतीय व बर्मी अजगराच्या माद्या थंडी वाढली की स्नायूंना लयीत आचके देत राहतात. लांबून पाहणाऱ्याला उचकी लागल्यासारखे वाटते. त्या उष्णतेने वेटोळ्याच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा ७ अंशांपर्यंत जास्त राहू शकते. अंडी हलवावीच लागली तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने खूण करून ती त्याच बाजूने ठेवावीत. गर्भ कवचाच्या आतल्या अंगाला एका जागी चिकटलेला असतो. अंडे उलटे झाले की तो दगावतो. उबवण पेटीत ३१-३२ अंश सेल्सिअस आणि साधारण दोन महिने, हे बॉल पायथनचे गणित. मादी बोआ असेल तर अंड्यांची वाट पाहणे व्यर्थ. तिची पिल्ले पातळ पारदर्शक पडद्यात गुंडाळलेली बाहेर येतात आणि पडदा फाडून मोकळी होतात. ज्याला तो फाडता येत नाही ते गुदमरू शकते.

नियम म्हटला की अपवाद आलेच. पश्चिम आफ्रिकेतला कॅलाबार साप पूर्वी पायथन मानला जाई. आता तो बोआंच्या गोतावळ्यात गणला जातो, तरी अंडी घालतो. अरबस्तानातला वाळूतला बोआ 'एरिक्स जयकारी' हाही अंडी घालणारा. मस्कतमध्ये वैद्यकीय अधिकारी असलेल्या आत्माराम सदाशिव जयकर यांचे नाव त्याला १८८८ मध्ये देण्यात आले. मराठी माणसाचे नाव मिरवणारा हा बोआ नेमका नियमाबाहेरचा निघावा, याची गंमत वाटते. आपल्या ओळखीचे मांडूळ आणि डुरक्या घोणस हेही याच वाळूतल्या बोआंचे भाऊबंद, पण ते पिल्ले देतात.

साप समोर असताना तो अंडी घालतो की पिल्ले देतो, हे कळणार कसे? रंगावर तर मुळीच जाऊ नये. दक्षिण अमेरिकेतला एमराल्ड ट्री बोआ आणि न्यू गिनीतला ग्रीन ट्री पायथन दोघेही हिरवेगार, दोघेही फांदीवर खोगिरासारखी वेटोळी टाकून बसतात. छायाचित्रात भले भले चकतात. अशा वेळी वरच्या-खालच्या ओठांवरचे खवले निरखावेत. उष्णता जाणणाऱ्या खाचा पायथनमध्ये खवल्याच्या आत कोरल्यासारख्या असतात, तर या बोआत दोन खवल्यांच्या मधल्या फटीत. मात्र बोआ कन्स्ट्रिक्टरला अशा दिसणाऱ्या खाचाच नसतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या काळ्या डोक्याच्या पायथनलाही नसतात. त्यामुळे खाच नाही म्हणजे बोआच, असे म्हणता येत नाही.

साप निघून गेला आणि कात मागे राहिली, तरी काम भागते. कात कोमट पाण्यात भिजवून सपाट पसरावी आणि गुदद्वारामागचा शेपटीचा खालचा भाग पाहावा. खवले जोडीजोडीने, मधोमध नागमोडी रेघ पडल्यासारखे असतील तर बहुधा पायथन. आडव्या पट्ट्यांसारखी एकच रांग असेल तर बहुधा बोआ. एक-दोन खवल्यांवर निकाल देऊ नये, निदान पंधरा-वीस पाहावेत. आणि कातीवरून सापाची लांबी छापू नये. निघताना ती ताणली जाते, त्यामुळे सापापेक्षा लांब भरते.

नावात एवढे काय अडले, असे वाटेल. अडते ते साप ठेवण्याच्या जागी. बोआंमध्ये एक विषाणूजन्य रोग असतो. पेशींत गाठींसारखे कण साचतात म्हणून त्याला 'इन्क्लूजन बॉडी डिसीज' म्हणतात, आणि त्याच्याशी निगडित 'अरेनाव्हायरस' गटातले विषाणू २०१२ मध्ये उजेडात आले. बाधित बोआ महिनोन्‌महिने धडधाकट दिसू शकतो. तोच रोग पायथनला झाला तर मज्जासंस्था झपाट्याने बिघडते: मान आभाळाकडे वळते, उलटे पडल्यावर सुलटे होता येत नाही, आणि बहुतेकदा मृत्यू ओढवतो. म्हणून दोघे एका खोक्यात नकोत. चिमटा, पाण्याचे भांडेही वेगळे हवे. सापांवरच्या गोचिडीसारख्या बारीक किड्यांवरही रोगप्रसाराचा संशय आहे, तेव्हा त्यांचा आधी बंदोबस्त करावा. 'अजगर' अशी नोंद करून आणलेला बोआ दुसऱ्या अजगराशेजारी गेला, तर हानी अजगराची.

तेव्हा विनंती इतकीच: ओळख पटली नसेल तर छायाचित्राखाली नुसते 'साप' लिहावे. 'बिनविषारी' हा शब्द तर तज्ज्ञाने खात्री दिल्याशिवाय छापूच नये. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके असलेली विषारी घोणस अजगराचे पिल्लू समजून उचलली जाते, ती अशाच घाईत.

आपला,
एक सर्पअभ्यासक वाचक