पार्ट मागवण्याआधी दोन आकडे वाच

क्लीव्हलँड, ओहायो
१२ एप्रिल

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. घराबरोबर गॅरेजमध्ये आयता आलेला मॉवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, टाकायचा की दुरुस्त करायचा, असं विचारतोस. दुरुस्त कर. डेकच्या, म्हणजे पात्याला झाकणाऱ्या सांगाड्याच्या, पत्र्याला कुठे भोक पडलेलं दिसत नाही, आणि दोरी ओढताना इंजिन दाब धरतं असं तूच लिहिलं आहेस. ही दोन्ही असताना मॉवर भंगारात देणं म्हणजे चांगल्या लोखंडाचा अपमान आहे. फक्त तू जो कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, मागवायला निघाला आहेस, तो आज मागवू नकोस. वरचं नाव बघून घेतलेला पार्ट बऱ्याचदा बसत नाही. त्याचं कारण आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुझ्या मॉवरवर ‘क्राफ्ट्समन’ लिहिलंय. हे नाव सिअर्स या दुकानाचं होतं आणि सिअर्स स्वतः मॉवर बनवत नसे. ती दुसऱ्यांकडून बनवून घ्यायची आणि आपलं नाव चिकटवायची. कोणाकडून, ते मॉडेल क्रमांकाच्या टिंबाआधीच्या तीन आकड्यांत असतं. ९१७ म्हणजे इलेक्ट्रोलक्सच्या कारखान्यातला, जो पुढे हुस्क्वार्नाकडे गेला. २४७ म्हणजे एमटीडी. १४३ हा आकडा टेकुमसे कंपनीच्या इंजिनावर दिसतो. २०१७ पासून क्राफ्ट्समन हे नावच स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकरकडे आहे, म्हणून आजच्या क्राफ्ट्समनचे पार्ट पाहून तुझ्या जुन्या यंत्राचा पार्ट ठरवता येत नाही. तुझ्या फोटोत मागच्या झडपेजवळच्या स्टिकरवर ९१७ स्पष्ट दिसतंय. पुढचे आकडे चिखलाखाली आहेत. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पूस, खरवडू नकोस, ते स्टिकर फाटलं तर परत मिळत नाही.

हा झाला पहिला आकडा, डेकचा. दुसरा आकडा इंजिनाचा. तुझं इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं आहे आणि त्याचा क्रमांक पत्र्याच्या वरच्या आवरणावर ठोकलेला असतो. तिथे मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन गट दिसतील. अक्षरं पुसट झाली असतील तर त्यावर खडू घास आणि बोटाने पूस, खाचेत खडू राहतो आणि आकडे उठून दिसतात. मॉडेल १२६ ने सुरू होत असेल तर पहिले १२ म्हणजे १२ घन इंच, साधारण १९० सीसी. कोड ही जन्मतारीख आहे: ०८०३१२ असं असेल तर इंजिन १२ मार्च २००८ ला बनलं. बरेच लोक मॉडेल तेवढं लिहून घेतात आणि टाइप सोडून देतात. तिथेच फसतात. एकाच मॉडेलची इंजिनं वेगवेगळ्या मॉवर कंपन्यांना वेगवेगळ्या कार्ब्युरेटरसह जातात, आणि तो फरक टाइपमध्ये असतो.

आता वाटणी सरळ आहे. कार्ब्युरेटर, प्लग, एअर फिल्टर, दोरी, फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) हे इंजिनाच्या क्रमांकाने. पातं, पात्याचा अडॅप्टर (पातं इंजिनाच्या दांड्याला जोडणारा तुकडा), चाकं, पट्टा, हँडलच्या केबल हे डेकच्या क्रमांकाने. दोन्ही कंपन्यांच्या पार्टच्या आकृत्या मिळतात, त्यात प्रत्येक तुकडा सुटा काढून दाखवलेला असतो. पार्टचं नाव शोधू नकोस, आकृतीतला तुकडा शोध आणि त्याचा क्रमांक घे. क्रमांक बदलतातही. तुझ्या डेकच्या जुन्या यादीतला सहा आकडी क्रमांक आता सुरुवातीला ५३२ लावून मिळतो. शेजाऱ्याचा ट्रॉय-बिल्ट मॉवर एमटीडीचा असेल तर त्याचं ७४२ ने सुरू होणारं पातं आता ९४२ म्हणून येतं, ७५४ चा पट्टा ९५४ म्हणून. वस्तू तीच असते. दुकानदार ‘तो नंबर बंद झाला’ म्हणाला तर बदली नंबर कोणता, एवढं विचार.

आता तुझ्या तक्रारी. पहिली: इंजिन सुरू होतं, मग आवाज चढतो-उतरतो, आणि दोन मिनिटांत बंद पडतं. हे उपाशी इंजिन आहे. हवा पुरेशी येते, पेट्रोल कमी पडतं. वेग उतरला की गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) थ्रॉटलची झडप उघडतो, वेग चढला की मिटतो, म्हणून ते धापा टाकल्यासारखं वाजतं. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून हे कधीही बरं होत नाही, तिला हात लावू नकोस. कारण दोनच: मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, चोंदलेला, किंवा कार्ब्युरेटर जिथे इंजिनाला जोडतो तिथल्या गॅस्केटमधून किंवा रबरी रिंगमधून हवा शिरतेय. तुझा मॉवर हिवाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून उभा होता, म्हणून आधी जेट.

कार्ब्युरेटर पूर्ण काढायची गरज बहुधा पडणार नाही. इंजिन थंड असू दे, प्लगची वायर काढून बाजूला ठेव, पेट्रोलची नळी चिमट्याने दाबून बंद कर. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला मधोमध एक बोल्ट आहे, त्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो. खाली डबा धर, वाटीत पेट्रोल असतं. तो बोल्ट नीट बघ: त्याच्या अंगाला बारीक भोकं आहेत. तुझ्या प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये तो बोल्ट म्हणजेच जेट. उजेडासमोर धर. भोकातून उजेड आरपार दिसत नसेल तर चोर सापडला. कार्ब्युरेटर क्लीनर मार, आणि विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार आत-बाहेर कर. तांबं मऊ असतं, भोक मोठं करत नाही. ड्रिलचं पातं किंवा सुई घालू नकोस. भोक केसभर जरी मोठं झालं तरी इंजिन कायम काळा धूर ओकेल. वाटीच्या तळाशी पांढरट-हिरवट पूड असेल तर तीही पुसून काढ. क्लीनर रबरावर पडू देऊ नकोस, रिंग फुगते आणि परत खाचेत बसत नाही. फ्लोट (वाटीतला पोकळ तरंगता तुकडा) कानाशी हलवून बघ, आत पेट्रोल खुळखुळलं तर तो गेला.

एवढं करूनही चढ-उतार राहिली तर गॅस्केट बदल. नवा आख्खा कार्ब्युरेटर हा शेवटचा उपाय. स्वस्तातल्या नकली कार्ब्युरेटरचा जेट आणि सुई अनेकदा नेमक्या मापाच्या नसतात, आणि मग तू महिनाभर तीच तक्रार घेऊन बसशील.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. झाडाच्या मुळावर पातं आपटलं आणि तेव्हापासून दोरी ओढताना ती झटक्याने हातातून मागे खेचली जाते. याचा पेट्रोलशी संबंध नाही. फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या (क्रँक, म्हणजे पातं फिरवणारा इंजिनाचा दांडा) निमुळत्या टोकावर बसतं आणि दोघांच्या खाचेत एक छोटी ॲल्युमिनियमची चावी असते. पातं एकदम थांबलं की क्रँक थांबतो, पण जड फ्लायव्हील पुढे सरकू बघतं आणि चावी कातरली जाते. फ्लायव्हीलच्या कडेला चुंबक आहे, त्यानेच ठिणगी पडते, त्यामुळे ते थोडं जरी सरकलं तरी ठिणगी चुकीच्या वेळी पडते. पिस्टन वर येतानाच स्फोट होतो आणि दोरी हातातून हिसकली जाते.

आवरण काढ, फ्लायव्हीलचा नट काढ आणि वरून खाचेत बघ. क्रँकची खाच आणि फ्लायव्हीलची खाच एका रेषेत नसतील तर निदान पक्कं. फ्लायव्हील पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या अवजाराने, काढ. हातोडीने ठोकून काढलंस तर पंखा तुटतो. चावीचा ब्रिग्जचा क्रमांक २२२६९८एस, तरी तुझ्या मॉडेल-टाइपवर तपासून घे. तिच्या जागी लोखंडी चावी कोणी सुचवली तर ऐकू नकोस, पुढच्या आपटीत चावीऐवजी क्रँक जाईल. निमुळती जागा पुसून कोरडी कर, तिथे तेल नको. फ्लायव्हीलला खरी पकड त्या घट्ट बसण्याने मिळते, चावी फक्त जागा दाखवते. म्हणून नट टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळ, ५५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ७५ न्यूटन-मीटर. ढिला राहिला की नवी चावीही महिन्याभरात कातरते.

पातं मुळावर आपटलंय म्हणून क्रँक वाकलाय का, हेही बघायलाच हवं. प्लग काढलेला असू दे. मॉवर तिरपा करताना कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर राहू दे, नाहीतर तेल फिल्टरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये उतरतं. पात्याचं टोक डेकच्या कडेपासून किती वर आहे ते माप, अर्धी फेरी फिरव आणि त्याच जागी दुसरं टोक माप. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पातं वाकलंय किंवा क्रँक. नवं पातं लावूनही फरक राहिला तर क्रँक. मग त्या इंजिनावर आणखी पैसे घालू नकोस. क्रँक ठोकून सरळ करणारे भेटतील, पण तो पुढे तुटला तर पातं डेकखालून बाहेर येतं. तुझ्या घरात लहान मुलं आहेत.

पातं निवडताना ‘२१ इंची’ एवढं पुरत नाही. टोकापासून टोकापर्यंतची लांबी, मधल्या भोकाचा आकार आणि वरच्या पंखाचा प्रकार, तिन्ही जुळायला हवेत. भोक कुठे गोल असतं, कुठे चांदणीसारखं, कुठे बो-टायसारखं. आपटीनंतर अडॅप्टरची बोटंही बघ, तुटलेली असतील तर तोही बदल. पंख वर, डेककडे. उलटं लावलेलं पातं गवत कापत नाही, झोडपतं. डेकच्या आत लाकडाचा ठोकळा अडकवून पातं रोख आणि बोल्ट ३५ ते ४० फूट-पाउंडला आवळ. हा बोल्ट कठीण केलेला असतो, हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालणार नाही. पातं, बोल्ट आणि चावी मूळ कंपनीचीच घे. फिल्टर, प्लग चांगल्या दुसऱ्या कंपनीचे चालतात.

धार कानशीने लाव, मूळचाच कोन धर, साधारण ३० अंश. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्यावर दुमडते. मग पातं भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून बघ. जी बाजू खाली जाईल तिकडून थोडं अजून घास. तोल नसलेलं पातं हँडलला मुंग्या आणतं आणि इंजिनाचं खालचं सील फोडतं.

हँडलवरचा दांडा सोडला की पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे, १९८२ पासून इथे तसा नियम आहे. घड्याळ लावून बघ. त्या दांड्याची केबल ताणून लांबली असेल तर दांडा दाबूनही ब्रेक पुरता सुटत नाही आणि ठिणगी बंदच राहते. लोक प्लग बदलत बसतात आणि दोष केबलचा निघतो.

पुढची चाकं ओढत नाहीत म्हणतोस, ते सोपं आहे. चाकाच्या आतले प्लास्टिकचे दात झिजलेत. दोन्ही चाकं एकदम बदल, आणि आतली छोटी दातेरी चक्रं उघडताना डावं-उजवं लिहून ठेव. अदलाबदल झाली तर नवी चाकंही ओढणार नाहीत.

तेल: एसएई ३०, साधारण ५४० ते ५९० मिलिलिटर. इथली बाटली ९४६ मिलिलिटरची असते, सगळी ओतू नकोस. जास्त झालं तर पांढरा धूर आणि तेलाने चिंब फिल्टर. दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदल. कागदी फिल्टर हलकेच आपटून झटक, धुऊ नकोस. प्लग आरजे१९एलएम. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकांमधली फट, जुन्या पुस्तिकांत ०.७६ मिलिमीटर दिलाय, नंतरच्यांत ०.५१, म्हणून तुझ्या इंजिनाच्या क्रमांकाची पुस्तिका बघ. आपल्याकडे स्कूटरचा प्लग पॉलिश पेपरने घासायची सवय असते, तसं करू नकोस. कण आत जातात, आणि नवा प्लग फार महाग नाही.

पेट्रोल ८७ ऑक्टेनचं, दहा टक्के इथेनॉलपर्यंतचं. ‘ई१५’ (पंधरा टक्के इथेनॉल) लिहिलेल्या नळीपासून लांब राहा, मॉवरमध्ये ते वापरायला मनाई आहे. तुझ्या न्यू जर्सीत पंपावरचा माणूसच भरून देतो, तेव्हा लाल डबा डिकीतून काढून जमिनीवर ठेवायला त्याच्या आधी तूच सांग. महिन्यात संपेल एवढंच आण, आणि भरल्या दिवशीच त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध, टाक, शिळं झाल्यावर टाकून उपयोग नसतो. नोव्हेंबरात शेवटचं गवत कापून झालं की टाकी रिकामी कर आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव.

या शनिवारी फक्त एवढं कर: दोन्ही क्रमांक पुसून त्यांचे फोटो, जेटच्या बोल्टचा फोटो, आणि नट काढल्यावर फ्लायव्हीलच्या खाचेचा वरून एक फोटो. ते बघून तुला नेमके कोणते पार्ट लागतील त्यांचे क्रमांक मी लिहून पाठवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध