पातं मोठं केलंत, सांधा तेवढाच ठेवलात: घडीच्या मोठ्या चाकूबाबत तक्रार

दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५
ता. रावेर, जि. जळगाव

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
चाकू व हत्यारे, ऑनलाइन विक्री विभाग

विषय: घडीच्या मोठ्या चाकूचं लॉक वापरात सुटून हाताला दुखापत झाल्याबाबत, आणि ‘चुकीचा वापर’ हे तुमचं उत्तर मागे घेण्याबाबत.

संदर्भ: माझी ९ ऑक्टोबरची तक्रार व तुमचा २२ ऑक्टोबरचा ई-मेल.

महोदय,

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. तुमचा मी नवा गिऱ्हाईक नाही. तीन वर्षांपूर्वी तुमचा साडेसात सेंटिमीटर पात्याचा लहान घडीचा चाकू घेतला होता. तो आजही माझ्या खिशात आहे. ठिबकची नळी कापायला, गोणीची शिवण उसवायला रोज लागतो आणि त्यानं आजवर कधी दगा दिला नाही. त्याच विश्वासावर ८ सप्टेंबरला मी तुमचा सगळ्यात मोठा घडीचा चाकू मागवला. किंमत ३,४५० रुपये, १३ तारखेला घरपोच मिळाला. ५ ऑक्टोबरला तो माझ्या बोटांवर मिटला.

एवढा मोठा चाकू आणि तोही घडीचा कशाला हवा होता, असं तुमच्या ई-मेलमध्ये सूचित केलंय, म्हणून ते आधी सांगतो. आमच्याकडे केळीच्या बागेत विळा आणि कोयता ही रोजची हत्यारं. पण घर ते मळा हे अंतर आम्ही मोटारसायकलवर कापतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी गाडी चिखलात घसरली आणि गोणपाटात गुंडाळलेला विळा गोणपाट फाडून माझ्या मांडीत घुसला. तेव्हापासून उघडी धार गाडीवर न्यायची नाही, असं घरात ठरलं. लहान चाकू बागेत पुरत नाही. केळीच्या पानाचा देठ बुंध्याशी तीन बोटं रुंद असतो, घडाचा दांडा मनगटाएवढा. आखूड पात्यानं दोन-तीनदा कापावं लागतं, आणि प्रत्येक वेळी चीक हातावर, सदऱ्यावर ओघळतो. तो डाग सदरा फाटेपर्यंत जात नाही. लांब पातं एका ओढीत देठ पार करतं आणि हात चिकापासून लांब राहतो. म्हणजे मला विळ्याचं काम करणारं आणि खिशातल्या चाकूसारखं मिटून बसणारं हत्यार पाहिजे होतं. ही गरज माझ्या एकट्याची नाही, रावेर, यावल, चोपड्याकडच्या कुठल्याही केळीवाल्याला विचारा.

खरेदीआधी दोन महिने मी चौकशी करत होतो. मोठा चाकू निवडताना पात्याआधी सांधा बघावा, एवढं तेव्हाच समजलं होतं. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचा १३ नंबरचा घडीचा चाकू २२ सेंटिमीटर पात्याचा असतो. त्याच्या मुठीच्या तोंडाशी फिरवून बसवायची धातूची कडी असते. ही कडी त्यांनी १९५५ साली आणली आणि मोठ्या चाकूला ती त्याच्या मुठीच्या मापाची बसवतात. काही चाकूंना पाठीवर दांडीचं लॉक असतं. तुमच्या चाकूला आतल्या पत्तीचं, म्हणजे लायनर लॉक आहे: पातं उघडलं की मुठीतली पत्ती त्याच्या बुडामागे सरकते आणि त्याला मिटू देत नाही. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही, तुमच्या लहान चाकूलाही तेच आहे. पण म्हणूनच मागवण्याआधी तुमच्या चॅटवर मी सरळ विचारलं होतं, की या मोठ्या चाकूतली पत्ती किती जाडीची आहे? उत्तर आलं, ‘सर, हेवी ड्यूटी आहे, शेतीच्या जड कामासाठीच बनवलाय.’ त्या चॅटचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. मी जाडी विचारली होती. तुम्ही विशेषण दिलंत.

आता ५ ऑक्टोबरची सकाळ. कांदेबागेतली, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावतात त्या केळीच्या बागेतली, झाडं निसवलेली होती, घड बाहेर पडले होते. घडाला घासणारी पानं वेळेवर काढली नाहीत तर वाऱ्यानं कोवळ्या केळावर ओरखडे पडतात आणि व्यापारी भाव पाडतो, म्हणून ते काम चालू होतं. पानांवर दव होतं. देठाला वरून पातं लावून ओढलं, अर्ध्यापर्यंत सहज गेलं आणि ओल्या धाग्यांत धरलं गेलं. असं दिवसातून दहा वेळा होतं. पातं किंचित वर-खाली हलवून सोडवायचं असतं, विळा असो की सुरी. मी तेच केलं. वरच्या हिसक्याला पाठीवर जोर आला, मुठीत ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि पातं माझ्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर येऊन बसलं. चीक आणि रक्त एकत्र ओघळताना दिसलं, दुखायला नंतर लागलं. पत्नी शेजारच्या ओळीत होती, तिनं रुमाल घट्ट बांधला. रावेरला नेईपर्यंत तो भिजून गेला होता. पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. शीर वाचली असं डॉक्टर म्हणाले. बोट तीन आठवडे वळत नव्हतं. नवी कांदेबाग लावायचे तेच दिवस, त्यामुळे १८ दिवस एक माणूस जास्तीचा लावावा लागला.

तुमचं उत्तर असं: ‘चाकू कापण्यासाठी असतो. पात्याच्या उलट बाजूनं जोर दिल्यास तो चुकीचा वापर समजला जातो. सबब दावा नामंजूर.’

साहेब, हे वाक्य लिहिणाऱ्यानं घडीचा चाकू एकदा हातात घेऊन बघावा. धारेच्या बाजूनं आपण कापतो तेव्हा पातं उघडण्याच्या दिशेला ढकललं जातं आणि मुठीतल्या खुंटीला टेकून थांबतं. तिथं लॉकला काही कामच नसतं. लॉक नसलेला चाकूही नुसतं कापताना मिटत नाही. पातं मिटतं ते पाठीवर जोर आला तरच. म्हणजे लॉक बसवलेलं असतं ते फक्त आणि फक्त त्या उलट्या जोरासाठी. त्याच जोराला तुम्ही चुकीचा वापर म्हणत असाल, तर त्या चाकूत लॉक कशासाठी आहे आणि जाहिरातीत ‘मजबूत लॉक’ हे ठळक अक्षरात कशासाठी लिहिलंय, याचं उत्तर मला द्या. मी हातोडा मारलेला नाही, फळीत खुपसून पिळलेला नाही, दगडावर आपटलेला नाही. ओल्या देठात अडकलेलं पातं सोडवलं. ते सोडवताना पाठीवर किती जोर आला असेल? दोन किलो धरा.

टाके निघाल्यावर दोन्ही चाकू घेऊन मी सावद्याला एका लोहाराकडे गेलो. आमच्या भागातली निम्मी हत्यारं त्यांच्या हातून गेली आहेत. त्यांनी मोठा चाकू उघडला, उजेडाकडे धरला, आणि पात्याच्या बुडाशी बोट ठेवून मला दाखवलं. म्हणाले, ‘भाऊ, पत्ती निस्ती कोपऱ्याले टेकी राह्यली, बुडाले नाही.’ मग मी बॅटरी लावून पाहिलं. लॉकची पत्ती पात्याच्या बुडाला सपाट भिडायला पाहिजे, ती फक्त एका कडेवर, नखाच्या कडेएवढ्या जागेवर टेकलेली होती. त्या कडेवर घासल्याची चकचकीत रेघ आहे. पत्ती कुठून सरकली ते तिथं स्पष्ट दिसतं. माझ्या तीन वर्षं वापरलेल्या लहान चाकूत तीच पत्ती अर्ध्याहून जास्त आत येऊन पूर्ण बसते.

तिथल्याच लेथवाल्याकडून व्हर्नियर घेऊन मुठीच्या फटीतून दोन्ही पत्त्यांची जाडी मोजली, काही न उघडता. लहान चाकूची पत्ती १.२ मिलिमीटर. मोठ्या चाकूची पत्ती १.२ मिलिमीटर. सांध्याच्या स्क्रूचं डोकंही दोन्हीकडे त्याच मापाचं.

माझी खरी तक्रार ही आहे. एखादा नग खराब निघाला असता तर मी वाईट मानलं नसतं, कारखान्यात चूक होते. पण तुम्ही पातं दुप्पट केलंत आणि सांधा लहान चाकूचाच ठेवलात. याचा हिशेब शाळेतल्या तरफेच्या गणिताचा आहे. सांध्याच्या खिळीपासून पत्ती टेकते ती जागा साधारण ८ मिलिमीटरवर आहे. लहान चाकूचं टोक खिळीपासून साडेआठ सेंटिमीटरवर. टोकाशी दोन किलोचा जोर आला तर पत्तीवर २१ किलोच्या आसपास येतो. मोठ्या चाकूचं टोक साडेसोळा सेंटिमीटरवर. तोच दोन किलोचा जोर तिथं ४० किलोच्या वर जातो. तोही एवढ्याशा कोपऱ्यावर. लांब पात्याचा चाकू घेणारा माणूस जास्त जोराचं काम करण्यासाठीच तो घेतो, म्हणजे ज्याला सांधा जास्त भक्कम लागतो त्यालाच तुम्ही कमजोर सांधा दिलात.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. पात्याची लांबी १७ सेंटिमीटर लिहिली आहे, मुठीच्या तोंडापासून टोकापर्यंत भरते साडेपंधरा, आणि धार त्याहून कमी. आणि पेटीवर ‘स्टेनलेस डी-२’ छापलंय. डी-२ चांगलं पोलाद आहे, धार खूप टिकवतं, हे मला मान्य आहे. पण ते पुरतं स्टेनलेस नाही. गंज रोखणारं क्रोमियम त्यात सुमारे १२ टक्के असलं तरी बरंचसं कार्बनशी बांधलेलं असतं, गंज रोखायला कमीच उरतं. केळीच्या चिकानं आठवड्यात पात्यावर काळे ठिपके आणि मुठीजवळ तांबूस गंज आला. मी रोज पुसून तेल लावत होतो. गंजतं असं आधी सांगितलं असतं तरी मी घेतलाच असता, फक्त खोटं सांगायला नको होतं.

पेटीवरच्या चित्राबद्दल मात्र बोलावंच लागेल. तोंडाला काळं फडकं बांधलेला माणूस आणि खाली ‘कॉम्बॅट’. विक्री मात्र ‘शेती व बागकाम’ या सदरात. तुम्हाला हे सजावट वाटत असेल. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे आणि त्यातून घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. तुमचं पातं ९ इंचांच्या आत आहे, ते ठीक. पण मोठ्या पात्याचा चाकू जवळ बाळगणाऱ्या शेतकऱ्याला नाकाबंदीत थांबवलं, तर त्याच्या बाजूनं एकच गोष्ट असते, की हे शेतीचं हत्यार आहे. ती गोष्ट तुमची पेटीच खोडून काढते. माझा पुतण्या जळगावला शिकतो, सुट्टीत मळ्यात मदतीला येतो. त्याच्या हातात हा चाकू त्या पेटीसह द्यायला मी तयार नाही.

आता मागणी. चाकूचे ३,४५० रुपये, दवाखान्याचे ४,२०० रुपये आणि १८ दिवसांच्या जास्तीच्या मजुरीचे ७,२०० रुपये, असे एकूण १४,८५० रुपये मला मिळावेत. पण पैसे पाठवून हे प्रकरण मिटवू नका. ‘चुकीचा वापर’ हे उत्तर लेखी मागे घ्या. या मापाच्या चाकूची विक्री, पत्ती आणि सांधा पात्याच्या मापाचा होईपर्यंत, थांबवा. आणि ज्यांनी ज्यांनी हा चाकू घेतलाय त्यांना निरोप पाठवा, की लॉकची पत्ती बुडाला पूर्ण बसते का ते उजेडात बघा, बसत नसेल तर वापरू नका, परत पाठवा. त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. नाहीतर मीच प्रत्येकाला कळवलं असतं. माझ्या हातात विळ्याची सवय आहे, मी हात झटकन मागे घेतला. नवखा पोरगा असता तर बोट गेलं असतं.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. माझ्या ९ ऑक्टोबरच्या तक्रारीला पोच आलीच नाही, तेरा दिवसांनी थेट नकार आला. या पत्राचं उत्तर महिन्याच्या आत यावं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या उत्पादन उत्तरदायित्वाच्या तरतुदींखाली जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी दावा दाखल करीन. माझ्या राहत्या जिल्ह्यात तो करता येतो आणि एवढ्या रकमेला फीही नाही. कलम ८७ मध्ये ग्राहकानं वस्तूत फेरफार किंवा गैरवापर केल्याचा बचाव विक्रेत्याला असतो, तुम्ही तोच घ्याल हे दिसतंय. म्हणून चाकू मी जसा होता तसा ठेवलाय. एकही स्क्रू फिरवलेला नाही, पात्यावरचा डागही पुसलेला नाही. तुमचा माणूस पाठवा, माझ्यासमोर तपासू द्या. तोपर्यंत कुरिअरनं तो परत पाठवणार नाही.

सोबत बिल, चॅटचा स्क्रीनशॉट, दवाखान्याची कागदपत्रं, दोन्ही चाकूंच्या पत्तीचे व्हर्नियर लावून काढलेले फोटो आणि लॉकच्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो जोडला आहे. तो शेवटचा फोटो तुमच्या कारखान्यात पत्ती बसवणाऱ्या कारागिराला दाखवा. त्याला लगेच कळेल.

आपला,
(सही)
केळी उत्पादक शेतकरी, ता. रावेर